चार रकान्यांचे प्रजासत्ताक

मॉरिशसच्या राष्ट्रीय सभेची निवडणूक लढवायची, तर उमेदवारी अर्जात आपला समाज कोणता तेही लिहावे लागते. राज्यघटनेने चार समाज मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि जीवनपद्धतीवरून या तिघांत न बसणारी ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. कोकणातून गेलेल्या मराठी गिरमिटियाचा वंशज हिंदूंत धरला जातो. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे वंशज आणि त्यांना राबवणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज मात्र चौथ्या रकान्यात शेजारी शेजारी बसतात.

या रकान्यामागे दीडशे वर्षांची भीती आहे. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच सुमारास उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर, म्हणजेच गिरमिटिये, येऊ लागले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. 1885 च्या घटनेने निवडणूक दिली, पण मत मालमत्ता असणाऱ्यांनाच. 1948 च्या निवडणुकीत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले आणि 1959 मध्ये सर्व प्रौढांना. बहुसंख्य कोण हे आता मतपेटीतून दिसणार होते, आणि अल्पसंख्याकांच्या पोटात गोळा आला.

7 ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, पण सुमारे 44 टक्के मते विरोधी पक्षाला गेली. 1968 च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगल उसळली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 12 मार्चला, देश स्वतंत्र झाला. या वातावरणात घटनेने जो टेकू लावला, त्याचे नाव ‘बेस्ट लूजर’. 21 मतदारसंघांतून 62 सदस्य निवडून येतात: मुख्य बेटावरील 20 मतदारसंघांतून प्रत्येकी तीन, रॉड्रिग्ज बेटावरून दोन. ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्याच्या पराभूत उमेदवारांपैकी चांगली मते मिळवणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा देता येतात. धास्तावलेल्या माणसाला सभागृहात आपला माणूस दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. तो हेतू प्रामाणिक होता, असे मी मानतो.

पुढची कसोटी वेगळीच निघाली. 1971 मध्ये आणीबाणी आली, निवडणूक 1976 पर्यंत लांबली. 1982 मध्ये विरोधी आघाडीने बेटावरच्या साठही जागा जिंकल्या. स्वातंत्र्यापासून पंतप्रधान असलेल्या सिवसागर रामगुलाम यांनी सत्ता शांतपणे सोडली. दंगलीच्या सावलीत जन्मलेल्या देशासाठी ही फार मोठी गोष्ट होती. आज सभेची पाच वर्षांची मुदत बदलायची, तर सार्वमतात तीन-चतुर्थांश मतदारांचा होकार आणि सभेत एकमत लागते. आणीबाणीतून हा देश खरोखर काही शिकला.

12 मार्च 1992 रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले. इंग्लंडच्या राणीच्या जागी राष्ट्रीय सभेने निवडलेले राष्ट्रपती आले; प्रत्यक्ष कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडेच राहिला. शेवटचे अपील मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. 2003 मध्ये फ्रेंच वंशाचे पॉल बेराँझे पंतप्रधान झाले. हिंदूबहुल देशाने ते स्वीकारले, तेव्हा 1967 ची भीती पुष्कळ मागे पडली होती.

रकाना मात्र राहिला. जनगणनेत समाज शेवटचा विचारला गेला तो 1972 मध्ये. तरी जागांचा हिशेब त्याच आकड्यांवर होतो. त्या वर्षी जन्मलेले मूल आज पन्नाशी ओलांडून गेले. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने समाज लिहिण्याची ही सक्ती नागरी हक्कांचा भंग ठरवली. 2014 मध्ये समाज न लिहिण्याची मुभा मिळाली, पण तेवढ्या निवडणुकीपुरतीच. 2024 मध्ये साठही जागा पुन्हा एकाच आघाडीने जिंकल्या, आणि ‘बेस्ट लूजर’च्या काही जागा भरल्या गेल्याच.

टेकू एका रात्रीत काढा, असे मी म्हणणार नाही. 2002 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने पक्षांच्या मतांच्या प्रमाणात 30 जागा वाढवण्याची शिफारस केली होती. लहान गटांना सभागृहात वाट मिळेल आणि कुणाला जन्मावरून मोजावे लागणार नाही, असा मार्ग त्यातून निघू शकतो. वेगळेपण जपायला उमेदवारी अर्ज लागत नाही. गणेश चतुर्थी, ईद, चिनी वसंतोत्सव या दिवशी त्या बेटावर सगळ्यांनाच सुट्टी असते. 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आणि 2 नोव्हेंबरला गिरमिटिये उतरल्याची. एकमेकांचे सण आणि एकमेकांची दुःखे पाळणाऱ्या या लोकांनी त्या अर्जावर फक्त ‘मॉरिशियन’ लिहावे, आणि ते पुरेसे ठरावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.