मोटरवर छापलेला टॉर्क आणि किचनमधला वजनकाटा



मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन मशीन परत आल्या. कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं भरायची छोटी मशीन. वर हॉपर, खाली स्क्रू, स्क्रूला स्टेपर मोटर. बटण दाबलं की स्क्रू ठरलेले फेरे फिरतो आणि ५० ग्रॅम मसाला पाकिटात पडतो. कराडच्या एका ताईंनी घेतल्या होत्या. मे महिन्यात टेस्टिंग केलं तेव्हा मस्त चालल्या. जुलैत फोन आला, "दादा, मोटर नुसतीच कुरकुरते. मसाला कधी ४० ग्रॅम पडतो, कधी ३५." कमी वजनाचं पाकीट गिऱ्हाइकाकडे गेलं तर नाव त्यांचं खराब होणार. मशीन परत घेतल्या, पैसे परत दिले, टेम्पोचं भाडंही माझ्याच अंगावर.

मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. मोटर घेताना काउंटरवर विचारलं, "टॉर्क किती?" उत्तर मिळालं, "४.२ किलो-सेंटीमीटर." मला वाटलं, एवढ्याशा स्क्रूला भरपूर झाला. मसाल्याला किती लागतो ते मोजलंच नव्हतं. मोटर प्रत्यक्षात किती देते, तेही नाही.

आधी हा आकडा म्हणजे काय ते सांगतो. ४.२ किलो-सेंटीमीटर म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेंटीमीटरवर ४.२ किलोचा जोर, किंवा १० सेंटीमीटरवर ४२० ग्रॅमचा. अंतर वाढलं की जोर त्याच हिशोबात कमी. आणि 'नेमा १७' मधला १७ म्हणजे ताकद नव्हे, तोंडाचं माप आहे, १.७ इंच. त्याच मापात आखूड मोटर मिळते, लांब मिळते, टॉर्क वेगवेगळा.

आता मोजायचं कसं? घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा असेल तर निम्मं काम झालं. ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कपलिंग लावून मोटरच्या शाफ्टला घट्ट बसवा. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर आला पाहिजे, नाहीतर पट्टी घसरेल आणि तुम्ही मोटरला दोष द्याल. शाफ्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटीमीटरवर पट्टीत एक बोल्ट लावा. मोटर टेबलाला क्लॅम्पने आवळा, पट्टी आडवी ठेवा, बोल्टचं टोक काट्यावर टेकवा. मोटर बंद असतानाच काटा शून्य करा, म्हणजे पट्टीचं वजन हिशोबातून गेलं. मग मोटर चालू करून अगदी सावकाश, एकेक स्टेप खाली दाबायला लावा. काट्यावरचा आकडा चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी मोटर 'टक्' करून मागे उडी मारते. उडीच्या आधीचा सगळ्यात मोठा आकडा लिहून घ्या. तीन-चार वेळा करा.

माझा आकडा आला १८० ग्रॅम. म्हणजे १.८ किलो-सेंटीमीटर. कुठे ४.२ आणि कुठे १.८!

पहिल्यांदा मला वाटलं दुकानदाराने फसवलं. तसं नव्हतं. छापलेला आकडा मोटर उभी असताना, दोन्ही कॉइलमधून पूर्ण १.७ अँपिअर करंट जात असतानाचा असतो. मी ए४९८८ ड्रायव्हर हीटसिंकशिवाय वापरत होतो, म्हणून करंट १ अँपिअरवर ठेवला होता. शिवाय असा ड्रायव्हर दोन्ही कॉइलला एकाच वेळी पूर्ण करंट देत नाही. तिथेच आकडा निम्म्याखाली आला.

हे झालं जवळपास उभ्या मोटरचं. फिरताना टॉर्क आणखी उतरतो, कारण वेग वाढला की कॉइलमध्ये करंट भरायला वेळ पुरत नाही. ते मोजायला लेथवाल्याकडून २० मिलिमीटर व्यासाचा नायलॉनचा बुश करून घेतला, शाफ्टवर बसवला, त्याला तंगूस बांधला आणि खाली पाण्याची बाटली. त्रिज्या १ सेंटीमीटर, त्यामुळे बाटली जितके किलो, टॉर्क तितके किलो-सेंटीमीटर. भागाकार-गुणाकार नकोच. पोटमाळ्यावर मोटर ठेवली, वेग हळूहळू वाढवत नेला, प्रत्येक वेळी थोडं पाणी वाढवलं. १२ व्होल्टवर ३०० आरपीएमला १.४ किलोची बाटली उचलली, ६०० आरपीएमला ०.९ वरच दम निघाला. तीच मोटर २४ व्होल्टवर ६०० आरपीएमला १.३ घेऊन गेली. करंटची सेटिंग तीच, फक्त सप्लाय बदलला. म्हणून मशीनमध्ये जो सप्लाय आणि जो ड्रायव्हर जाणार, त्याच्यावरच मोजा. बाटलीखाली कुणी उभं राहू नका. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका. मी असे तीन ड्रायव्हर घालवलेत.

मोटर मोजली, पण मसाला? खरं तर हे पहिलं करायला हवं होतं. तीच पट्टी मधोमध भोक पाडून स्क्रूच्या शाफ्टला आडवी लावली, म्हणजे दोन्ही बाजू समतोल. १० सेंटीमीटरवर पिशवी अडकवली आणि स्क्रू फिरेपर्यंत तिच्यात मूठमूठ तांदूळ टाकले. मग पिशवी काट्यावर. कोरड्या मसाल्याला ११० ग्रॅम, म्हणजे १.१. दमट, गोळे झालेल्या मसाल्याला २.३.

मे महिन्यात १.४ विरुद्ध १.१, कसंबसं जमलं. जुलैत २.३ समोर मोटर उभीच राहणार. आणि साध्या स्टेपरला आपण स्टेप चुकलो हे कळत नाही. कंट्रोलर समजतो फेरे पूर्ण झाले, म्हणून पाकिटात ३५ ग्रॅम.

मी आता लागणाऱ्या टॉर्कच्या दुप्पट धरतो, तोही सगळ्यात वाईट मालावर मोजून. त्या मशीनला मोठी मोटर घालायची तर ड्रायव्हर, सप्लाय, ब्रॅकेट सगळंच बदलावं लागलं असतं. त्याऐवजी २० आणि ६० दात्यांच्या पुली आणि टायमिंग बेल्ट टाकला. टॉर्क तिप्पट, वेग एक तृतीयांश. १.४ चे हिशोबाने ४.२ झाले, बेल्टमध्ये थोडे गेले. दुपटीला जरा कमीच पडतात, पण २.३ ला पुरतात. मिनिटाला पाकिटं कमी निघतात, ते मी ताईंना आधीच सांगितलं. त्यांनी तीनपैकी एकच मशीन परत घेतली, "आधी एक पावसाळा बघते" म्हणाल्या. सप्टेंबरमध्ये दुसरीसाठी फोन आला.