दात, खूर आणि सोयरीक

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये घडत आली आहेत. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांतला सगळ्यात लाडावलेला भाग म्हणजे घोडी. तारा तिच्यावरून जातात आणि तिचा माथा किती नि कसा घासला यावर जवारी, म्हणजे सुराचा गुंजारव, ठरते. सतारीच्या घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत किंवा सांबराचे शिंग वापरत. वन्यजीव संरक्षणाचे कायदे कडक होत गेले तशी उंटाच्या हाडाने आणि कृत्रिम साहित्याने ती जागा घेतली.

प्राणिशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर बोटभर लांबीच्या या तुकड्यात सस्तन प्राण्यांचे दोन गण आणि तीन कुले येऊन गेली. हत्ती हा सोंडधारी गणातला. सांबर आणि उंट हे दोघेही समखुरी गणातले, पण त्यांची कुले वेगळी. हस्तिदंत म्हणजे हत्तीचा बेसुमार वाढलेला पटाशीचा दात. सांबराचे शिंग म्हणजे निव्वळ हाड. कोणता अवयव कशाचा बनला आहे, किती दात आहेत, पाऊल कसे टेकते, असल्या बारकाव्यांवरच सस्तन प्राण्यांची वंशावळ पहिली दोनशे वर्षे मांडली गेली.

ही मांडणी डोळ्यांनी पाहायची तर सांगली जिल्ह्यातच सोय आहे. देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे. तिथे सांबर, चितळ आणि काळवीट दिसतात, आणि येणारी मंडळी तिघांनाही सरसकट हरणे म्हणतात. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगे फांद्यांची असतात, ती गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. हे हरिण कुल. काळविटाचे शिंग पिळदार, बिनफांदीचे. आत हाडाचा गाभा, वर आपल्या नखांसारख्या केराटिनचे टोपण, आणि ते जन्मभर टिकणारे. हे गवयाद्य कुल. म्हणजे काळवीट चितळापेक्षा दारातल्या शेळीचा आणि खिलारी बैलाचा जवळचा नातलग आहे. चांदोली-कोयनेच्या जंगलातली पिसोरी तर आणखी लांबची. तिला शिंगेच नाहीत, नराला बाहेर डोकावणारे सुळे असतात, आणि तिच्या जठराला खऱ्या हरणांसारखे चार नव्हे तर तीन कप्पे असतात. म्हणून तिचे कुल स्वतंत्र.

वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड आज शाळेतल्या पुस्तकात असते. सस्तन वर्ग प्राणिशास्त्रात रुजवला तो स्वीडनच्या कार्ल लिनियसने, 1758 साली, आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत. पिलांना दूध पाजणारे सगळे त्याने एकत्र आणले आणि आधी माशांत घातलेला देवमासाही त्यांच्यात आणून बसवला. एकूण गण केले आठ. त्यातले काही आज वाचताना हसू येते. वटवाघळे माणसा-माकडांच्या गणात, कारण स्तन छातीवर. गेंडा उंदरांच्या गणात. डुक्कर, साळू (हेजहॉग) आणि चिचुंद्री एका गणात. घोडा आणि पाणघोडा एका गणात. पण दूरदेशीच्या प्राण्यांसाठी लिनियसला युरोपच्या संग्रहालयांत पोचलेली कातडी आणि कवट्या हाच मोठा आधार होता. दूरदेशीचा प्राणी जिवंत पाहून, मोजून, त्याचे दात तपासून लिहिणारी माणसे पुढच्या पिढ्यांत तयार झाली. त्यातले दोघे आपल्याच मुलखात वावरले.

पहिला विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने 1824 मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके, पाऊस, लोकसंख्या टिपता टिपता त्याने पशुपक्षीही टिपले आणि 1831 मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. चिंकाऱ्याला त्याने दिलेले ‘बेनेट्टी’ हे नाव आजही जगभर चालते. लांडग्याला त्याने ‘कॅनिस पॅलिपिस’ म्हटले. आज ती लांडग्याची उपजाती मानतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र भारतीय लांडग्याचा वंश फार पूर्वी वेगळा झालेला, प्राचीन निघाला. माण-खटाव आणि जतच्या माळांवर मेंढपाळ ज्याच्यावर नजर ठेवून असतात, तो हा लांडगा.

साइक्सने कोळसुन्यालाही दख्खनचे नाव देऊन नवी जाती ठरवले, पण तिथे तो मागे राहिला. रशियाच्या अतिपूर्वेकडचा तोच प्राणी निसर्गशास्त्रज्ञ पालासने 1811 मध्येच नोंदवला होता. पुढे 1838 मध्ये ब्रायन हॉजसनने कोळसुन्यासाठी कुत्र्या-लांडग्यांहून वेगळी ‘क्युऑन’ ही प्रजाती केली. कुत्र्याच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठ्या दाढा असतात, कोळसुन्याच्या दोन-दोनच. तेवढ्यावर प्रजाती बदलली, कुल मात्र श्वानांचेच राहिले.

दुसरा वॉल्टर एलियट. तो मद्रासच्या मुलकी सेवेतला, धारवाडला नेमलेला. 1824 च्या कित्तूरच्या उठावात तो राणी चन्नम्माच्या कैदेत सापडला आणि जिवंत सुटला. 1839 मध्ये ‘मद्रास जर्नल’मध्ये त्याने दक्षिण मराठा प्रांतातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. मिरज, सांगली, जमखिंडी ही पटवर्धनी संस्थाने याच प्रांतात मोडत. या यादीच्या मथळ्यातच त्याने स्थानिक भाषांतल्या नावांचा उल्लेख केला आहे. शेतातले उंदीर ओळखण्यात वडार त्याचे गुरू होते. काळ्या रानातल्या मऊ केसांच्या उंदराचे ‘मेल्टाडा’ हे शास्त्रीय नाव वडारांच्या बोलीतूनच आले. एका झुडपी उंदराच्या आणि एका वृक्षचिचुंद्रीच्या शास्त्रीय नावात एलियट स्वतः आहे.

दात मोजणे सोपे असले तरी दात फसवतात. अस्वलाचेच घ्या. आपल्याकडच्या अस्वलाला वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात नसतात, कारण त्या फटीतून ते वाळवी शोषून घेते. नख्याही लांबलचक. इंग्लंडमध्ये जॉर्ज शॉने 1791 साली त्याचे वर्णन केले तेव्हा या खुणांवरून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या आळशी स्लॉथच्या प्रजातीत टाकले. चूक लवकरच सुधारली गेली, पण इंग्रजीत त्याच्या नावाला स्लॉथ चिकटला तो कायमचा.

तरसाची गोष्ट उलटी. चण कुत्र्याची, चाल लंगड्या कुत्र्याची, पण मांसाहारी गणाच्या दोन शाखांपैकी ते मांजराच्या शाखेत बसते आणि मुंगूस त्याच्या जवळचे ठरते. त्याच शाखेत उदमांजर येते. नदीतले पाणमांजर मात्र नावात मांजर असूनही कुत्र्या-अस्वलांच्या शाखेत जाते. ससा बराच काळ उंदरांबरोबर कृंतक गणात होता. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी असते, हे आणि इतर फरक धरून 1912 मध्ये जेम्स गिडलीने त्याच्या स्वतंत्र गणाची बाजू मांडली. खवल्या मांजराला दात मुळीच नाहीत, म्हणून ते कैक वर्षे मुंगीखाऊ आणि स्लॉथ यांच्या पंगतीत बसले. जनुके तपासली तेव्हा त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग मांसाहारी गण निघाला.

1990 च्या दशकात डीएनए वाचणे आवाक्यात आले आणि जुनी घडी विस्कटली. सगळ्यात मोठा तडाखा कीटकभक्षी गणाला बसला. लांब नाक, बारीक डोळे, किडे खाणे एवढ्या खुणांवर चिचुंद्री, साळू, आफ्रिकेतले सोनेरी चिचुंदर आणि मादागास्करचे टेनरेक असे सगळे त्यात कोंबले होते. 1998 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की सोनेरी चिचुंदर आणि टेनरेक हत्तीच्या गोतावळ्यातले आहेत. आफ्रिका खंड वेगळे पडले असताना तिथे एकाच पूर्वजापासून ही सगळी मंडळी वाढली. साळू आणि टेनरेक यांचे काटे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेले. आपल्या स्वयंपाकघरात रात्री भिंतीकडेने चूंचूं करत पळणारी चिचुंद्री नव्या, लहान गणात राहिली. उंदराशी तिचे जवळचे नाते तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

देवमाशाचा निकाल जनुकांनी आणि हाडांनी मिळून लावला. त्याचा जवळचा नातलग पाणघोडा, हे जनुके सांगत होती. जीवाश्मवाल्यांना ते पटत नव्हते. 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. त्यातले दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले हाड फक्त समखुरी प्राण्यांत असते. मग 2007 मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा ‘इंडोह्यस’ पुढे आला. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांतून निघालेला हा लहानखुरा खुरी प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा सख्खा शेजारी ठरला. आज सांबर, उंट, डुक्कर आणि निळा देवमासा एकाच गणात आहेत.

वटवाघळांचीही फेरमांडणी झाली. फळे खाणारी मोठी आणि किडे खाणारी लहान, असे दोन भाग वरवर सरळ दिसत. पण नाकावर पापुद्रे असलेली कित्येक लहान वटवाघळे फळखाऊंचीच भावकी निघाली. या गणात अजून काय दडले असेल याची चुणूक आपल्या सीमाभागाने शंभर वर्षांपूर्वीच दिली होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण 1911 मध्ये खानदेशातून सुरू झाले. पुढच्याच वर्षी एस. एच. प्रेटर यांना बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ मिळाले. 1913 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमसने ते नवी जाती म्हणून नोंदवले. नंतर जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत साऱ्या जगात त्याचा ठावठिकाणा तेवढा एकच होता. पुण्याजवळच्या सिंहगडावरचा कोंढाणा उंदीर तर 1975 मध्ये शास्त्राला कळला. गडावर पिठलं-भाकरी खाऊन उतरणाऱ्या हजारो लोकांच्या पायाखाली तो होताच.

2005 च्या जागतिक सूचीत सस्तन प्राण्यांच्या 5,416 जाती होत्या. 2018 च्या सूचीत त्या 6,495 झाल्या, 27 गणांत आणि 167 कुलांत वाटलेल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक जाती फक्त दोन गणांच्या: उंदीर-खारींचा कृंतक गण आणि वटवाघळांचा गण. जिल्ह्याच्या वन्यजीवांच्या चर्चेत मात्र गवा, बिबट्या आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला वाघ यांच्यापुढे गाडी सरकत नाही. द्राक्षबागेच्या जाळीत अडकलेले वटवाघूळ कोणत्या कुलातले, किंवा उसाच्या फडात बिळे करणारा उंदीर नेमका कोणता, हे कोणी विचारत नाही.

एलियटच्या यादीला 2039 मध्ये दोनशे वर्षे पूर्ण होतील. मिरज, सांगली, साताऱ्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी त्याआधी आपापल्या तालुक्याची नवी यादी करायला हवी. सुरुवात वाघापासून नको, चिचुंद्रीपासून करावी.