मायक्रोफोनची तार कशी निवडावी ?

घरीं जुळविलेल्या ध्वनियंत्राविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मायक्रोफोन चांगला, ध्वनिवर्धकहि चांगला, तरी आवाजाखालीं एक अखंड घुरघुर चालूच असते. दोष पुष्कळदां या दोहोंचा नसून त्यांना जोडणाऱ्या तारेचा असतो. घरांतील वृद्ध माणसाचें गाणें अथवा कहाणी मुद्रित करतांना ही घुरघुर एकदां आंत शिरली, कीं मूळ आवाजाला धक्का न लावतां ती काढून टाकणें फार कठीण.

तारेंतून जाणारा विद्युत्-दाब किती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. बोलणाऱ्यासमोरील साधा मायक्रोफोन एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा केवळ हजारावा-पांचशेंवा हिस्सा, दाब निर्माण करतो. लाउडस्पीकरकडे जाणारा दाब कित्येक व्होल्टांचा असूं शकतो. घरांतील वीज दर सेकंदास ५० आवर्तनें करीत भोंवतालच्या तारांत आपला सूक्ष्म अंश उमटविते. लाउडस्पीकरच्या तारेंत तो नगण्य ठरतो. मायक्रोफोनच्या तारेंत मात्र तो मूळ स्वराबरोबरच शेंकडों पटींनीं वाढतो.

म्हणून मायक्रोफोनकरितां तांब्याच्या विणीव वेष्टणाची तार घ्यावी. बाहेरील विद्युत्-क्षेत्राचा उपद्रव तें वेष्टण स्वतःवर घेतें. चुंबकीय क्षेत्र मात्र त्यास फारसें जुमानीत नाहीं. त्यावर उपाय म्हणजे आंतील दोन तारांस पीळ देणें. टेलिफोनसाठीं ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं योजिली व १८८१ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पिळलेल्या दोन्ही तारांत उपद्रव सारखाच शिरतो. संतुलित जोडणीचा ध्वनिवर्धक दोहोंतील फरक तेवढा घेतो आणि उपद्रवाची वजाबाकी होते. तीन खिळ्यांच्या एक्सएलआर जोडणींत पहिला खिळा वेष्टणासाठीं व उरलेले दोन स्वरासाठीं असतात.

लांबीचाहि विचार हवा. वेष्टणाच्या तारेची धारिता मीटरमागें सुमारें १०० पिकोफॅरड धरतात. ५०,००० ओहम रोधाच्या मायक्रोफोनला अशी १० मीटर तार जोडली, तर सुमारें ३,००० आवर्तनांवरील स्वर क्षीण होत जातात व ‘स’, ‘श’ हीं अक्षरें बोथट ऐकूं येतात. २०० ओहमच्या मायक्रोफोनला तीच तार मुळींच बाधत नाहीं.

लाउडस्पीकरला वेष्टण नको, जाडी हवी. तो १० मीटर दूर असल्यास प्रवाहाची जा-ये २० मीटरांची होते. पाव चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याचा रोध तेवढ्यांत सुमारें १.४ ओहम भरतो व ८ ओहमच्या लाउडस्पीकरची सुमारें सातवा हिस्सा शक्ति तारेंतच जिरते. एक चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास तो रोध ०.३५ ओहमवर येतो.

मायक्रोफोनची तार विजेच्या तारेलगत नेऊं नये. ओलांडणें भागच पडल्यास काटकोनांत ओलांडावी. एवढें पाळल्यास साधी, माफक किंमतीची तारहि आपलें काम चोख बजावते.