आपले कामगार सरकारच्या मोजणीत आहेत काय?

नाशिक रोडला जुम्म्याच्या नमाजनंतर तरुण पोरे आम्हाला हमखास विचारतात, ‘रोजगार कार्यालयात नाव नोंदवून काय फायदा? कॉल तर येतच नाही.’ तक्रार खोटी नाही. पण हे कार्यालय केवळ कॉल पाठविण्यासाठी नाही. कोणत्या धंद्यात किती माणसे आहेत, कोणत्या कारागिराची टंचाई आहे, याची मोजदाद ठेवणे हेही त्याचे काम. व्यापारी बांधवांचे या दुसऱ्या कामाकडे लक्ष नसते, म्हणून हा लेख.

ही व्यवस्था 1945 साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांना काम देण्यासाठी सुरू झाली. 1948 पासून ती सर्वांना खुली झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी कार्यालये राज्यांच्या ताब्यात आली, तेव्हा खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्र देत असे. हे अनुदान 1969 मध्ये थांबले आणि सगळा भार राज्याच्या तिजोरीवर पडला. केंद्राने 2015 साली ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ सुरू केली. म्हणजे पैसा आपल्याच कराचा. मग त्यातून होणाऱ्या मोजणीत आपण आहोत का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मोजणी होते कशी? 1959 च्या कायद्याने सर्व सरकारी आस्थापनांना, तसेच 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले. दर तिमाहीला ‘ईआर-1’ हे विवरणपत्र भरायचे. त्यात कामगारांची संख्या, रिकाम्या जागा आणि न मिळणारे कारागीर यांची माहिती द्यायची. माणूस कार्यालयामार्फतच घ्यावा, अशी सक्ती मात्र नव्हती. जागा न कळविल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर 500 रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली आहे. तिच्यात 25 ऐवजी 20 चा आकडा आहे.

खरी मेख इथेच आहे. नाशिक रोडचे चलनी नोटांचे मुद्रणालय, एकलहऱ्याचे वीज केंद्र, सातपूर-अंबडचे मोठे कारखाने मोजणीत येतात. पण आपली बेकरी, गॅरेज, वेल्डिंगचे दुकान, फर्निचरचा कारखाना, शिलाईकाम यांत माणसे किती? चार, सहा, फार तर दहा. 10 ते 24 कामगारांच्या आस्थापनांकडून माहिती मागितली जाई, पण ती देणे ऐच्छिक होते. त्याखालच्यांना तर कोणी विचारतच नसे. शिवाय नोंदणीचा आकडा म्हणजे बेकारांचा आकडा नव्हे. काम करणाराही नाव नोंदवतो आणि खरा बेकार कित्येकदा नोंदवतच नाही.

सरकार आयटीआयमध्ये कोणता ट्रेड काढायचा, कोणत्या धंद्याला कर्ज द्यायचे, हे कागदावरच्या आकड्यावरून ठरवते. आकड्यात जो नाही, तो योजनेतही नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिले की, मुस्लिम समाजात नोकरदारांपेक्षा स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे मोजणीतली ही फट सर्वांत जास्त आपल्यालाच भोवते.

तेव्हा करावे काय? मालकांनी आपला धंदा ‘उद्यम’मध्ये नोंदवावा. नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नयेत. 16 ते 59 वयाच्या असंघटित कारागिरांची नावे ‘ई-श्रम’वर घालावीत. तरुणांनी राज्याच्या ‘महास्वयम’वर नाव नोंदवावे आणि शिक्षणाबरोबर हातातला हुन्नरही लिहावा. ज्यांच्याकडे 20 माणसे आहेत त्यांनी विवरणपत्र चुकवू नये.

जमातींनी एखाद्या रविवारी मदरशाच्या ओट्यावर दोन शिकलेली पोरे बसवली, तर मोहल्ल्याची नोंद होऊन जाईल. कॉल येईल न येईल, पण निदान आपण आहोत एवढे तरी सरकारच्या वहीत लिहिले जाईल.