पर्यावरण व नागरी अभ्यास : आंतरविद्याशाखीय पदवीच्या अटी आणि उंबरमाळी परिसर

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द महाविद्यालयांच्या प्रस्तावांत सर्रास आढळतो. पर्यावरण व नागरी अभ्यास यांची पदवी सुरू करावयाची झाल्यास भूगोलाच्या दोन, अर्थशास्त्राच्या दोन, वनस्पतिशास्त्राची एक अशी अभ्यासपत्रिकांची बेरीज केली जाते. प्रत्येक विभागाचा कार्यभार शाबूत राहतो, हे त्यामागील न बोलले जाणारे कारण. अशा बेरजेतून आंतरविद्याशाखीय पदवी तयार होत नाही, हे स्पष्ट करण्यासाठी मध्य रेल्वेवरील खर्डी व कसारा यांच्या दरम्यानच्या उंबरमाळी (ता. शहापूर, जि. ठाणे) परिसराचा आधार प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एक प्रश्न, अनेक विद्याशाखा

मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा (1892) व भातसा हे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या एकूण पुरवठ्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचे असते. त्याच तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात.

याचे एक उत्तर भूगोलात आहे. पाऊस भरपूर पडतो. परंतु कठीण बेसाल्ट खडकात पाणी मुरण्यास व साठण्यास वाव कमी असल्याने ते उतारावरून वाहून जाते. अनेक वस्त्या डोंगरसोंडांवर आणि जलाशय खाली खोऱ्यात, अशी येथील रचना आहे. पाणी वर चढवावयाचे तर वीज लागते आणि तिचे देयक लहान ग्रामपंचायतीस पेलत नाही. येथे प्रश्न अर्थशास्त्राच्या हद्दीत शिरतो. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना शहापूरसाठी आखली गेली. जवळचे धरण सोडून घाटावरचे का, हे पदार्थविज्ञानाचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे मात्र त्यास सांगता येणार नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर पाण्याचा मोठा उपभोक्ता महानगरपालिका आहे. त्यामुळे पेसा कायदा (1996), वनहक्क कायदा (2006) आणि नागरी स्वराज्य संस्थांविषयीची 74वी घटनादुरुस्ती शेजारी ठेवून वाचावी लागतात. नागरी अभ्यासात शहर बहुधा पालिकेच्या हद्दीवर संपते. जलवाहिनीच्या बाजूने पाहिल्यास मुंबई शहापुरातच सुरू होते.

पदवीच्या अटी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान 120 व चार वर्षांच्या पदवीस 160 श्रेयांक आवश्यक आहेत. आंतरविद्याशाखीय पदवीत गाभ्याचे श्रेयांक घटक विषयांत विभागावेत, असेही त्यात म्हटले आहे. अडचण या विभागणीतच आहे. श्रेयांक वाटले गेले तरी प्रश्न एकत्र शिकविला जाईल, याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी एकाच स्थानिक प्रश्नावर आधारलेली, दोन विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी मिळून शिकविलेली अभ्यासपत्रिका अनिवार्य असावी. संख्याशास्त्र, भौगोलिक माहिती प्रणाली व पाणी परीक्षणाबरोबर सातबारा आणि गाव नकाशा वाचता येणे हेही साधन म्हणून शिकवावे. या बाबतीत आपले पदवीधर अनेकदा तलाठ्यापुढे निरुत्तर होतात. दुसऱ्या वर्षापासून एका विद्याशाखेत खोली हवी, अन्यथा विद्यार्थ्यास सर्व विषयांचे थोडेथोडेच कळेल. क्षेत्रभेट एकाच गावास दोनदा व्हावी, ऑगस्टमध्ये आणि मे महिन्यात. केवळ पावसाळी सहलीत धबधबेच दिसतात.

न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात पर्यावरण व नागरी अभ्यासाचा असा कार्यक्रम आहे आणि तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास अंतिम वर्षी स्वतंत्र प्रकल्प पूर्ण करावा लागतो. न्यूयॉर्क शहरास कॅटस्किल डोंगरांतून पाणी मिळते. 1997 मध्ये शहर व पाणलोट क्षेत्रातील गावे यांच्यात करार होऊन जलस्रोताच्या रक्षणासाठी तेथे खर्च करण्याचे शहराने मान्य केले. असा करार भातसा खोऱ्यात कोणत्या कायद्याखाली होऊ शकेल, हा आपल्याकडील अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा उत्तम विषय ठरेल. त्यास दोन विद्याशाखांचे दोन मार्गदर्शक असावेत आणि अहवालाची मराठी प्रत संबंधित ग्रामपंचायतीस देणे ही मूल्यमापनाची अट असावी. एकत्र घेतलेली तासिका दोन्ही प्राध्यापकांच्या कार्यभारात पूर्ण धरावयाची की अर्धी, हा निर्णय मात्र प्रस्ताव पाठविण्यापूर्वीच घ्यावा लागेल.