शेजाऱ्यांच्या ॲपला घाई नको

मोबाइलवरून आसपासची माणसे जोडण्याचे प्रयोग दोन दशकांहून जुने आहेत. न्यूयॉर्कच्या ‘डॉजबॉल’ सेवेत आपला ठावठिकाणा एसएमएसने कळवला की जवळच्या मित्रांना संदेश जाई. २००५ साली गूगलने ती विकत घेतली आणि २००९ साली बंद केली. त्याच वर्षी तिचे एक निर्माते डेनिस क्राउली यांनी ‘फोरस्क्वेअर’ आणले. एखाद्या ठिकाणी सर्वांत जास्त हजेरी लावणारा तिथला ‘मेयर’ ठरे. खेळ रंगला, पण कोण कुठे आहे हे कळल्याने कुणी शेजारी होत नाही. अमेरिकेतच २०११ साली सुरू झालेल्या ‘नेक्स्टडोअर’ने म्हणून वेगळी वाट धरली: खरे नाव, पडताळलेला पत्ता आणि संवाद वस्तीपुरता. हरवलेले कुत्रे, चांगला प्लंबर अशा गरजांतून लोक बोलू लागले.

मात्र वस्तीसोबत तिचे पूर्वग्रहही आले. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये रस्त्याने जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या ‘संशयित’ म्हणून नोंदी होऊ लागल्या. रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०१६ साली कंपनीने नोंदीचा अर्जच बदलला. त्या माणसाने नेमके काय केले, हे विचारले जाऊ लागले. वंशाचा उल्लेख केला, तर कपडे, केस अशा इतर खुणाही देणे भाग पडले. अशा नोंदी सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आकडा तिचाच असल्याने तो जपून घ्यावा. तरी योग्य वेळी विचारलेला प्रश्न लिहिणाऱ्याला थांबवू शकतो, हे पटण्यासारखे आहे.

आपल्याकडे संशय पसरवण्याची घाई जिवावर बेतली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. संकटात अशा प्रश्नांनी आणि मर्यादांनी होणारा विलंब परवडेल का, असे कुणी विचारेल. पण खऱ्या संकटात पोलिसांना फोन करायचा असतो, ग्रुपवर फोटो टाकायचा नसतो. अर्ज बदलून मनातला संशय जात नाही, हा आक्षेप खरा आहे. पण एकाच्या मनातला संशय शेकडो फोनांवर पोहोचला की त्याचा जमाव होऊ शकतो. शिवाय ज्याच्यावर संशय घेतला जातो, तो त्या ग्रुपमध्ये नसतोच. त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची सोय ज्या ॲपमध्ये आहे, तेच आपल्या सोसायटीसाठी आणि गावासाठी निवडावे.