चोवीस तासांचा वायदा कोणी केला?

आपल्या समाजातील तरुण आता केवळ नोकरीच्या रांगेत उभा नाही. बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, बाबासाहेबांचे ग्रंथ, दिनदर्शिका, बिल्ले, चामड्याच्या पिशव्या, चपला असा माल घेऊन तो ऑनलाईन बाजारात विक्रेता म्हणून उतरला आहे. पूर्वी हा व्यापार १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या तीन तारखांवर चालत असे. दीक्षाभूमीवर किंवा दादरला शिवाजी पार्कवर सतरंजी टाकायची, चार दिवसांत वर्षाची कमाई करायची आणि उरलेला माल पोटमाळ्यावर टाकायचा. आता मोबाईलवर बाराही महिने दुकान उघडे असते. आम्ही या बदलाचे स्वागतच करतो. परदेशातून शिकून आल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराविषयी सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि ती कचेरी बंद पडली. पडद्यावर खरेदी करणारा माणूस सहसा जात विचारायला थांबत नाही. वस्तू कशी आहे, कितीला आहे आणि कधी मिळणार, एवढेच तो पाहतो.

आम्हाला आज लिहायचे आहे ते यातल्या 'कधी'विषयी.

ऑर्डर पडल्यापासून माल बांधून कुरिअरच्या हाती देईपर्यंत जो काळ जातो, त्याला या धंद्यात हँडलिंग टाइम म्हणतात. कुरिअरच्या प्रवासाचा काळ त्यानंतर सुरू होतो. गिऱ्हाइकाला 'अमुक तारखेपर्यंत मिळेल' अशी जी तारीख दिसते ती या दोन काळांची बेरीज असते. हँडलिंग टाइमचा आकडा माल यादीत चढवताना विक्रेत्याने भरायचा असतो. रकाना रिकामा सोडला किंवा आधीच लिहिलेला आकडा तसाच राहू दिला, तर बाजाराचा ठरीव आकडा लागू होतो आणि तो बहुधा एक-दोन दिवसांचा असतो. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक नव्या विक्रेत्यांनी हा रकाना वाचलेलाच नव्हता. फोटो चांगले काढले, किंमत चारदा तपासली, बँकेचा खाते क्रमांक सहादा तपासला; आणि चोवीस तासांत माल देण्याचा वायदा मात्र नकळत करून बसले.

नागपूरची एक भगिनी गेल्या वर्षी आमच्याकडे आली. ती प्लास्टरच्या बुद्धमूर्ती विकते. मूर्ती साच्यातून काढली की वाळायला दोन-तीन दिवस, दमट हवा असली तर त्याहून जास्त. मग घासकाम, रंग, पुन्हा वाळवण आणि शेवटी फुटू नये अशी बांधणी. घरात तयार मूर्ती दहा-बाराच असतात. रकान्यात आकडा होता एक दिवसाचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात ऑर्डरी एकदम वाढल्या. पहिल्या दहा-बारा वेळेवर गेल्या, पुढच्या उशिरा गेल्या, काही तिने स्वतःच रद्द केल्या. बाजाराने खाते बंद केले आणि आधीच्या विक्रीचे पैसेही अडवून ठेवले. 'नोटीस पाठवा,' असे तिचे म्हणणे होते. आम्ही करारनामा वाचला. नोटीस पैशांबद्दल पाठवता येत होती आणि ती आम्ही पाठवली. परंतु उशिराबद्दल काय लिहिणार? एक दिवसाचा वायदा तिच्याच नावावर होता आणि तो बदलण्याची सोयही तिच्याच पडद्यावर होती. त्या जागी पाच किंवा सात असा आकडा लिहिला असता, तर त्याच मूर्ती त्याच दिवशी पाठवूनही ती उशिरा ठरली नसती.

येथे टक्केवारीचा हिशेब समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. ॲमेझॉनचे उदाहरण घेऊ, कारण त्याचे नियम जाहीर आहेत. जो विक्रेता माल स्वतः पाठवतो त्याच्या उशिरा निघालेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत असाव्यात आणि त्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत असाव्यात, असा तो नियम आहे. नियम सर्वांना सारखा दिसतो. परंतु महिन्याला ज्याच्या २० ऑर्डरी आहेत, त्याची एक ऑर्डर चुकली की ५ टक्के झाले. लेक तापाने फणफणली, वीज गेली, लेबल छापायचे यंत्र बिघडले, एवढे एकच कारण पुरते. ज्याच्या महिन्याला ५ हजार ऑर्डरी आहेत त्याच्या मात्र १९९ ऑर्डरी उशिरा गेल्या तरी तो मर्यादेच्या आत राहतो. कागदावरची समानता कोणाला झेलते आणि कोणाला पाडते, हे आपल्या चळवळीला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

आता कायद्याची बाजू पाहू. माल कधी पाठवायचा हे करारात ठरलेले नसेल तर तो वाजवी वेळेत पाठवावा, असे १९३० चा मालविक्री कायदा कलम ३६ मध्ये सांगतो. वाजवी म्हणजे किती, हे वस्तूवर आणि परिस्थितीवर अवलंबून असते. मूर्तीकाराची वाजवी वेळ वेगळी, पुस्तकविक्रेत्याची वेगळी. कायद्याची ही उदारता वेळ लिहून दिली नसेल तोपर्यंतच उपयोगी पडते. पडद्यावर तारीख दिली की वाजवीचा प्रश्न मागे पडतो. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू केले. त्यातील नियम ६ असा आहे की, सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा पोहोचला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. महापुरासारख्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तो लहानसा रकाना हे कायद्याने बांधून घेणारे वचन आहे. स्टॅम्पपेपरवर सही करताना आपला माणूस दहा जणांना विचारतो. येथे अंगठा कधी उमटला हेही त्याला कळत नाही.

त्याच नियमावलीतील नियम ५ बाजार चालवणाऱ्या कंपनीलाही बांधतो, हे मात्र फार थोड्या विक्रेत्यांना माहीत आहे. वस्तू आणि विक्रेते यांचा क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर लावला जातो, हे कंपनीने सोप्या भाषेत सर्वांना पाहता येईल असे सांगितले पाहिजे. एकाच प्रकारच्या मालात किंवा विक्रेत्यांत काही भेद केला जात असेल तर तोही आपल्या अटींत लिहिला पाहिजे. आमच्या मते, मराठी विक्रेत्यासाठी सोपी भाषा म्हणजे मराठी. नियमात तसे शब्द नाहीत. परंतु मागणी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

हा क्रमाचा मुद्दा नीट समजण्यासाठी कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. कातडे हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमवायचे, उन्हात वाळवायचे, हाताने कापायचे, हाताने शिवायचे. चर्मकार बांधवांच्या घरात ही चपल घडते आणि तिला दिवस लागतात. पावसाळ्यात तर कातडे वाळतच नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात आहेत. २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा सारा देश कोल्हापुरीच्या अभिमानाने पेटून उठला होता. परंतु तीच चपल पडद्यावर शोधली तर काय दिसते? यंत्रावर बनवलेली, रेक्झिनची, 'कोल्हापुरी' असेच नाव लावलेली चपल गोदामात हजारांनी पडून असते. ती दुसऱ्या दिवशी निघते, लवकर मिळेल अशी पाटी मिरवते आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत आधी भरते. खरा कारागीर दहा दिवस लिहितो म्हणून मागे पडतो आणि दहाच्या जागी एक लिहिले तर खाते गमावतो. घडवणाऱ्याच्या वेळेला या बाजारात किंमत नाही, साठवणाऱ्याच्या वेळेला आहे; आणि साठवायला भांडवल लागते, जे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या साठू दिले गेले नाही. मानांकनाचे नाव गैरवापरणाऱ्यावर १९९९ च्या कायद्याखाली दावा लावता येतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तरीही आमचा सल्ला असा आहे की खरा आकडा लिहावा. मागे पडले तरी चालेल. खाते राहिले तर उद्या पुढे जाता येते. हा आकडा ठरवताना आपल्या उत्तम दिवसाचा हिशेब धरू नये. ज्या दिवशी घरात एकच माणूस आहे आणि कुरिअरवाला दुपारीच येऊन गेला आहे, त्या दिवसाचा धरावा आणि वर एक दिवस ठेवावा. सगळ्या मालाला एकच आकडा लावण्याचीही गरज नाही. तयार पुस्तकाला एक दिवस, छापून घ्यायच्या ध्वजाला तीन, मूर्तीला सात असे वस्तूवार लिहिता येत असेल तेथे तसेच लिहावे. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: आकडा आज वाढवला तर तो आजपासूनच्या ऑर्डरींना लागतो. काल पडलेली ऑर्डर कालच्याच वायद्यावर चालते. म्हणून गर्दी सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही.

रद्द होणाऱ्या ऑर्डरींचे मूळ बहुतेक वेळा वेळेत नसून साठ्याच्या आकड्यात असते. शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचेच पाहा. या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. शासनाच्या भांडारात खंड नाही आणि विक्रेत्याच्या पडद्यावर मात्र 'शिल्लक ५' असे लिहिलेले! ऑर्डर आली की मग तो शोधाशोध करतो, खंड मिळत नाही आणि शेवटी ऑर्डर रद्द करतो. आपल्या कपाटात प्रत्यक्ष नाही ती वस्तू पडद्यावर शून्य करून ठेवावी. दोन बाजारांत एकच प्रत विकायला लावली असेल तर एका ठिकाणी विकली जाताच दुसरीकडचा आकडा त्याच तासाला उतरवावा.

पुराव्याविषयीही सांगितले पाहिजे. मालविक्री कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, गिऱ्हाइकाकडे पोहोचवण्यासाठी माल वाहकाच्या ताब्यात दिला की सकृतदर्शनी तो गिऱ्हाइकाला दिला असे धरले जाते. व्यवहारात मात्र कुरिअरचा पोऱ्या दहा पाकिटे पोत्यात भरतो आणि स्कॅन संध्याकाळी कचेरीत जाऊन करतो, कधी दुसऱ्या दिवशी करतो. बाजाराच्या दप्तरी आपले पाकीट उशिरा निघाले अशी नोंद होते. म्हणून पाकिटांच्या यादीवर त्याची सही व वेळ घ्यावी आणि पाकिटांचा फोटो काढून ठेवावा. त्या पोऱ्याशी भांडू नये. तोही घड्याळाच्याच चाबकाखाली आहे आणि बहुधा आपल्याच वस्तीतला आहे.

या घड्याळाचा मार कोठे बसतो हे आम्ही घराघरांत पाहिले आहे. विक्रेता म्हणून नाव मुलाचे असते आणि रात्री बारापर्यंत चिकटपट्टी लावत आई, बहीण, बायको बसलेल्या असतात. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा काळ ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर चाललेल्या या बांधणीचे तास कोणी मोजत नाही. माल चोवीस तासांत गेला पाहिजे, परंतु त्याचे पैसे खात्यावर यायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आमची वेळ तासांत मोजायची आणि त्यांची दिवसांत, असा हा करार आहे.

राहिला आपल्या सणांचा प्रश्न. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विक्रेता दादरला स्टॉलवर असतो आणि त्याच आठवड्यात घरी ऑर्डरींचा ढीग पडतो. बाजाराच्या पंचांगात दिवाळी आहे, ६ डिसेंबर असेलच असे नाही. दुकान सुट्टीवर ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते; ती निघण्याच्या दोन दिवस आधी वापरावी, कारण आधी पडलेल्या ऑर्डरी सुट्टी लावली तरी पाठवाव्याच लागतात. ज्यांना विक्री थांबवणे परवडत नाही त्यांच्यासाठी आम्ही काही विहारांच्या कार्यकर्त्यांशी बोलत आहोत. वस्तीतील सात-आठ विक्रेत्यांनी त्या आठवड्यापुरती विहाराची एक खोली घ्यावी, जे दादरला जात नाहीत त्यांनी सर्वांचा माल बांधावा आणि कुरिअरने एकाच ठिकाणाहून उचलावा. प्रत्येक पाकिटावर ज्याच्या त्याच्या नावाचेच बिल आणि लेबल राहिले पाहिजे, एकाचा माल दुसऱ्याच्या खात्यातून जाता कामा नये. जीएसटी नोंदणी असलेल्याला तेथे माल साठवायचा असेल तर ते ठिकाण नोंदणीत जोडून घ्यावे लागते. शिवाय माल उचलण्याचा पत्ता बदलायला बाजाराला काही दिवस लागू शकतात, तेव्हा हे काम नोव्हेंबरमध्येच उरकून घ्यावे.